रविवारची माणसं

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी काय काम करते, हे तिच्या आईला चारचौघींत नीट सांगता येत नाही. ‘रिसर्चर आहे, मानवी हक्कांच्या एका संस्थेत,’ एवढं बोलून ती थांबते. मुलीनं आधी कायद्याची पदवी घेतली, मग मानवी हक्क याच विषयात एम. ए. केलं. काम बरंचसं घरूनच, ऐरोलीतूनच चालतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. या कामाला शिक्षण आहे, पगार आहे, रजा आहे! आमच्या वेळी या कामाला फक्त रविवार असायचा.

मी ड्राफ्ट्समन. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. ऐरोलीत सिडकोच्या घरात राहायला आलो तेव्हा खाडीवर पूल नव्हता. रात्री पलीकडे मुलुंडचे दिवे दिसायचे, पण तिथं पोचायला कळव्यावरून ठाण्याचा वळसा पडायचा. पूल १९९९ मध्ये झाला, लोकल २००४ मध्ये आली. त्याआधी रविवारी सकाळी सातच्या आत घर सोडलं, तरच दहाच्या बैठकीला दादर गाठता येई.

बैठक कसली, तर सत्यशोधन समितीची. कोठडीत कुणी दगावलं, एखादी वस्ती पेटली, पाड्यावर लाठीमार झाला, की पाच-सहाजणांनी तिथं जायचं, लोकांशी बोलायचं, पोलिसांचंही म्हणणं ऐकायचं आणि अहवाल लिहायचा. सत्यशोधन म्हटलं की आपल्याला जोतीराव आठवतात, तसे ते आम्हालाही आठवत, आणि त्या शब्दाचं ओझंही वाटे. आमच्यात एलआयसीतला एक क्लार्क होता, महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, नुकती सनद मिळालेला एक वकील आणि आमच्याच कारखान्यातला, दिवेगावचा एक आगरी फिटर. मानवी हक्क हा विषय म्हणून कुणीच शिकलेलं नव्हतं. प्रत्येकजण आपापला धंदा पिशवीत घालून आणायचा.

क्लार्कचं टेबल डेथ क्लेमचं. तारीख विचारली की खेड्यातली माणसं गोंधळतात, हे त्याला पक्कं ठाऊक. तो विचारायचा, ‘पोळ्याच्या आधी की नंतर? त्या दिवशी बाजार होता का?’ तासाभरात तारीख हाती लागायची. बाईंची नजर शाळेच्या हजेरीपटावर. कुठली मुलं कुठल्या दिवसापासून गैरहजर आहेत, यावरून कोणती घरं कधी गाव सोडून गेली ते त्या सांगत. सिस्टर बायकांशी बोलताना आधी हात हातात घ्यायच्या. त्यात मायाही असे आणि मनगटावरच्या वळांची तपासणीही. मी पावलं मोजून, टेप लावून वस्तीचा नकाशा काढायचो.

त्या फिटरला मी विसरूच शकत नाही. त्याच्या घरची भातशेती सिडकोनं घेतलेली. जासईच्या गोळीबारात १९८४ च्या जानेवारीत पाच शेतकरी गेले, तेव्हा तो ऐन तरुण होता. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील त्याचं दैवत. सातबारा आणि पंचनामा वाचायला तो कारखान्यात नाही, घरातच शिकला होता. एका वस्तीत पोलिसांचं म्हणणं असं, की घरमालकानं स्वतः दार उघडलं आणि अंगावर धावून आला. आम्ही सगळे घरच्या बाईचं बोलणं उतरवून घेत होतो. फिटर दारापाशी उकिडवा बसला होता. कडी जागेवर होती, पुढे सरकलेली. कोयंडा मात्र चौकटीतून उपटला गेला होता, आतल्या बाजूला, आणि त्याच्या स्क्रूंच्या आट्यांत लाकडाचे तंतू अडकलेले. त्यानं बोट लावून दाखवलं आणि म्हणाला, ‘यो दार उघरलेला नाय, तोरलाय.’

मी तिथंच बसून त्या कोयंड्याचं चित्र काढलं. स्टेन्सिलवर टोकदार सुईनं ते कोरताना हात थरथरत होता, कारण स्टेन्सिल फाटलं की पुन्हा पहिल्यापासून. सायक्लोस्टाइलची शाई बोटांना दोन दिवस राहायची. सोमवारी ड्रॉइंग बोर्डवर बसलो की साहेब आधी माझे हात बघायचे.

रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे. जन्म आपल्या खाडीपलीकडे ठाण्यातला, सत्यशोधक, आणि नोकरी गिरणीत स्टोअरकीपरची. फॅक्टरी कमिशनपुढे कामगारांची दुःखं मांडायची म्हणून त्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. कोठारातला माल मोजणाऱ्या माणसानं कामाचे तास मोजले. या कामातले आपले पूर्वज शोधायचे तर मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

पुढेही हे असंच चालत आलं. असगर अली इंजिनिअर मुंबई महापालिकेत खरेखुरे इंजिनिअर होते. आयुष्यभर त्यांनी दंगली झालेली गावं पालथी घातली. दंगल धर्मामुळे पेटते, हे उत्तर न स्वीकारता ते जमीन, व्यापार आणि निवडणुकीचं गणित तपासत. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर सरकारनं श्रीकृष्ण आयोग नेमला. त्याचा अहवाल यायला १९९८ साल उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९३ मध्येच, होस्बेट सुरेश आणि एस. एम. दाऊद या मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन निवृत्त न्यायमूर्तींनी लोकांच्या आयोगातर्फे साक्षी घेऊन आपला अहवाल मांडला. पेन्शन सुरू झाल्यावर ही माणसं पुन्हा साक्षीदारांसमोर बसली. गुजरातच्या २००२ च्या दंगलींच्या अशाच चौकशीत सुरेश यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आपले पी. बी. सावंतही होते.

डॉक्टरांचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. भोपाळमध्ये १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढच्या मार्चमध्ये मेडिको फ्रेंड सर्कलचे डॉक्टर तिथं गेले. त्यांनी कारखान्यासमोरची जे. पी. नगर ही वस्ती घेतली आणि तिच्या जोडीला लांबची, तशाच गरिबीतली अण्णा नगर. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. दम, डोळे, बायकांची पाळी, सगळं विचारलं. गरिबांना खोकला असतोच, असं म्हणायला मग कुणाला जागा उरली नाही. दुसरी वस्तीही तपासायची, हे संतापानं सुचत नाही, त्याला रोगाचं शास्त्र शिकलेलं डोकं लागतं. मुंबईत १९९४ पासून ‘सेहत’ या संस्थेनं हाच धागा पुढे नेला, बलात्कारानंतरची वैद्यकीय तपासणी कशी असावी हे रुग्णालयांपर्यंत पोचवलं. तिकडे अर्जेंटिनात, भोपाळच्याच साली, क्लाइड स्नो या हाडांच्या तज्ज्ञानं विद्यार्थ्यांना हाताशी धरून लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या माणसांच्या कबरी शास्त्रशुद्ध उकरल्या.

सरकारी आयोगांची गोष्ट वेगळी. १९९३ च्या कायद्यानं राष्ट्रीय आयोग आला, २००१ पासून आपल्या राज्याचा आयोग काम करू लागला. तिथं चौकशी करायला कायद्यानंच पोलिस अधिकारी दिले आहेत. तपासाचं कसब त्यांच्याकडे असतं, हे खरं. पण तक्रार पोलिसांविरुद्ध असते तेव्हा फिर्यादीची छाती धडधडते. तक्रारदारांच्या रांगेत उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता समोरच्या मुलीकडे वळतो. तिच्या टेबलावर दोन पडदे. एकावर कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, दुसऱ्यावर उपग्रहाचं चित्र. पाण्याची टाकी, दुकानाची पाटी, विजेचा खांब, सावलीची दिशा असं जुळवत ती जागा आणि वेळ ठरवते. पुरावा कसा जपायचा, याचे नियम २०२० मध्ये ‘बर्कली प्रोटोकॉल’ म्हणून आले, ते तिला तोंडपाठ आहेत. तिच्या सहकाऱ्यांत संगणक आणि संख्याशास्त्र शिकलेली मुलं आहेत. भीमा कोरेगाव खटल्यात एका आरोपीच्या संगणकात कागदपत्रं बाहेरून घुसवली होती, असा निष्कर्ष २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल या कंपनीनं मांडला. ते काम आमच्या टेपनं आणि पावलांनी कधीच झालं नसतं.

आणखी एका बाबतीत ती आमच्यापेक्षा फार पुढे आहे. ती साक्षीदाराला आधी सगळं समजावते, संमती घेते, नाव बदलते, चेहरा झाकते. आम्ही नावं छापली. माणसानं स्वतःच्या नावानं सांगितलं तरच ते खरं, अशी आमची ठाम समजूत. एका अहवालात ज्या बाईचं नाव आलं, तिला पुढे गावात विहिरीवर पाणी भरू देईनात. आम्हाला ते वर्षभरानं कळलं. अजून रात्री कधीतरी तिचं दार डोळ्यांपुढे येतं, त्यावर खडूनं काढलेली पावलं येतात, आणि झोप लागत नाही.

तरी मनात एक खंत आहे, आणि मी ती तिला बोलून दाखवली. तिच्या संस्थेत कुणी याच विषयाची पदवी घेतलेले, कुणी संगणक-संख्याशास्त्र शिकलेले. मुलं अतिशय हुशार, पण त्यांच्यात नर्स नाही, शिक्षिका नाही, फिटर नाही. रविवारी आपणहून येणारा माणूस आता संस्थांना परवडत नाही, त्याची जबाबदारी कोण घेणार? आणि तोही यायला घाबरतो. नोकरीवर गदा येईल, घरी फोन येईल. आनंद तेलतुंबड्यांसारखा इंजिनिअर, कंपनी चालवलेला, व्यवस्थापन शिकवणारा माणूस खैरलांजीच्या हत्याकांडावर लिहितो, सीपीडीआर या लोकशाही हक्कांच्या समितीचं काम करतो आणि पुढे त्याच भीमा कोरेगाव खटल्यात अडीच वर्षं तुरुंगात असतो, हे सगळ्यांनी पाहिलंय.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘काका, जरा इकडे या ना. ही सावली सकाळची की संध्याकाळची?’ पडद्यावर एक पडकं घर होतं. खांबाची सावली भिंतीवर तिरपी पडलेली. उत्तर दिशा कुठल्या बाजूला ते तिनं दाखवलं, मी सकाळची म्हणालो, तिचाही तोच अंदाज होता. व्हिडिओ पुढे सरकला आणि दार दिसलं.

‘थांबव. कोयंडा दाखव,’ मी म्हणालो.

‘म्हणजे काय?’

मी आमच्या दाराशी जाऊन तिला बोट लावून दाखवलं. ती परत खुर्चीत बसली आणि चित्र मोठं करत गेली. चौकटीच्या जागी करडे चौकोन उरले.

तिनं फोन उचलला. तिकडच्या माणसाला दाराच्या चौकटीचा जवळून फोटो काढायला सांगितलं, आतल्या बाजूनं, स्क्रूंसकट. फोन ठेवून तिनं मला विचारलं, ‘ते फिटरकाका अजून दिव्यातच राहतात का?’

राहतात. गुडघे दुखतात, पण नजर शाबूत आहे. रविवारी घेऊन येतो म्हटलं.