तिथीला तीनाने गुणा!

मुलांनो, मे महिन्यातल्या रविवारी दुपारी अलिबागला गेलात, तर आधी समुद्र दिसतच नाही, माणसंच दिसतात! घोडागाड्या, बर्फाचे गोळे, शहाळी आणि तापलेल्या वाळूत नाचत चालणारी पोरं. माझ्या दोन भाच्यांना घेऊन मी त्याच गर्दीत शिरले होते. पण आम्हांला जायचं होतं समोर पाण्यात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यात.

या किल्ल्यात चालत जाता येतं, बरं का! मात्र ओहोटीलाच. मग ओहोटीची वेळ कशी ओळखायची? किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती भरतीची वेळ, अंदाजे हं! कारण भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. त्या दिवशी होती त्रयोदशी. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे पावणेदहा. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे दुपारी पावणेचार. झालं की नाही गणित?

सव्वातीनला निघालो. पाणी जेमतेम पोटरीएवढं. १६८० साली शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथूनच फिरायचं. तटाचे दगड नीट बघा. मोठाले दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही! लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. आणि चहूकडे खारं पाणी असताना विहिरीला पाणी मात्र गोडं! मला तर तोफांपेक्षा त्या विहिरीचंच नवल वाटलं.

तोफांवरून मोठा भाचा हलेना, खेकड्यांपासून धाकटा हलेना. खरं सांगू? तटापासून मीही हलत नव्हते. बाहेर आलो तेव्हा साडेपाच वाजले होते.

अर्ध्या वाटेत पाणी माझ्या गुडघ्यांवर आलं. धाकट्याच्या कमरेला लागलं. पायांखालची वाळू सरकायला लागली. "मावशी, मला ओढतंय गं!" तो रडकुंडीला आला. मी त्याचा दंड घट्ट धरला, पण पुढचं पाऊल कुठे टाकावं ते कळेना. तेवढ्यात एक घोडागाडीवाले काका हाका मारत पाण्यात शिरले. त्यांनी त्याला सरळ खांद्यावर घेतलं.

किनाऱ्यावर आल्यावर मी त्यांना माझा हिशेब सांगितला. ते हसले. "ताई, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण पाणी तळाला जाऊन थांबत नाही, लगेच फिरतं. पावणेचारची ओहोटी ना? मग साडेचारला बाहेर पडायचं होतं."

माझा चेहरा कसा झाला असेल, विचारू नका!

इतक्यात चपला हातात घेऊन एक कुटुंब किल्ल्याकडे निघालेलं दिसलं. धाकटा ओल्या चड्डीनिशी तसाच धावत सुटला.

"काका, जाऊ नका! तेरा त्रिक एकोणचाळीस!"

त्यांना काही कळलं नाही. पण ते थांबले.