लबाडीची परवानगी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती. मुलगा आणि सून सकाळच्या गाडीने मुंबईला नोकरीवर गेले, की अकरा वर्षांच्या नातवाची आणि आठ वर्षांच्या नातीची राखण माझ्याकडे असते. दुपारच्या जेवणानंतर जरा डोळा लागत होता, तोच नातू टॅब्लेट छातीशी धरून आरामखुर्चीपाशी येऊन उभा राहिला. डोळे भरून आलेले.

"आजोबा, मी चीट चालू करू का?"

चीट म्हणजे लबाडी, एवढे इंग्रजी मला येते. पण लबाडी करण्यापूर्वी कोणी वडीलधाऱ्यांची परवानगी मागतो, हे पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी प्रथमच पाहत होतो. झोप उडाली. मी त्याला शेजारी बसवून घेतले.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सन या स्वीडिश तरुणाने तो रचला, २००९ साली लोकांपुढे ठेवला आणि २०११ च्या नोव्हेंबरात तो पूर्ण रूपात बाजारात आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो तयार करणारी कंपनी विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग खेळणाऱ्याच्या स्वाधीन केलेले असते. तेथे काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे. तिथला एक दिवस आणि एक रात्र मिळून आपली वीस मिनिटे होतात. प्रथम झाड तोडायचे, त्या लाकडाचा टिकाव करायचा, लाकडी टिकावाने दगड काढायचा, दगडी टिकावाने लोखंड आणि लोखंडी टिकावाने हिरा. दगडी टिकावाने हिऱ्यावर घाव घातला तर हिरा फुटतो आणि हाती काहीच लागत नाही. पायरी चुकवलेली चालत नाही.

नातवाने या सर्व पायऱ्या दोन आठवडे खपून चढल्या होत्या. आणि त्या दुपारी जमिनीखालच्या तापल्या लाव्हारसात त्याचा पाय घसरला. टिकाव, चिलखत, हिरे, सगळे क्षणात जळून गेले.

"चीट चालू केलं, की एक आज्ञा लिहायची आणि सगळं परत मिळतं," तो म्हणाला.

मी चष्मा लावला. त्याने बटण दाबताच पडद्यावर एक चौकट उमटली. मजकूर इंग्रजीत होता, पण अर्थ स्वच्छ होता : ही सोय चालू केल्यास या जगात यापुढे पदके मिळणार नाहीत, आणि सोय मागाहून बंद केली तरीही ती मिळणार नाहीत. मी ते दोनदा वाचले. लबाडीची एवढी प्रामाणिक सूचना मी कधी पाहिली नव्हती.

मागाहून वाचनात आले, की या चीटचा जन्म लबाडीतून झालेलाच नाही. १९८६ च्या सुमारास जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो हे 'ग्रॅडियस' नावाचा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करीत होते. खेळ इतका अवघड, की तपासणीसाठी त्यांना स्वतःलाच तो पार करता येईना. म्हणून ठरावीक क्रमाने बटणे दाबली, की सारी आयुधे एकदम मिळावीत अशी सोय त्यांनी केली. ती खेळात तशीच राहिली आणि पुढे जगभर गाजली. घर बांधताना बांबूची परांची उभारतात, तसाच हा प्रकार. परांची बांधणे म्हणजे काही लबाडी नव्हे.

पण त्या दुपारी ती चौकट पाहताना मला वेगळेच आठवत होते. वसईतल्या आमच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. बैल दिवसभर गोल फिरे, तेव्हा कुठे केळीच्या बुंध्याशी पाणी पोहोचे. मग इंजिन आले, त्यापाठोपाठ विजेचा पंप आला. पहिले बटण मीच दाबले होते. बैलाची मान सुटली, माणसे सुखावली, आणि त्यात गैर काही नव्हते. पण साऱ्या गावानेच पाणी उपसले. समुद्र जवळ. काही वर्षांत विहिरीला खारेपणा चढला आणि केळीची पाने कडेने करपू लागली. ते बटण दाबण्यापूर्वी 'गोडे पाणी परत मिळणार नाही' अशी चौकट कोणी दाखवली नव्हती. पुढे वाडी गेली, बारा वर्षांपूर्वी घरही गेले. त्याच जागेवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही आता राहतो.

"हे जग तुझ्या एकट्याचं आहे का?" मी नातवाला विचारले.

"नाही. तिचंही आहे."

"मग तिला विचारलंस?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मीच चपापलो. घराचा व्यवहार ठरला तेव्हा धाकट्या बहिणीचाही त्यात वाटा होता. मी तिला विचारले नव्हते. हक्कसोडीचा कागद पुढे केला होता, सही कुठे करायची ते बोटाने दाखवले होते. तिने मुकाट्याने सही केली होती.

नातीला हाक मारली. तिने सगळे ऐकून घेतले आणि ठणकावून सांगितले, "माझी पदकं गेलेली मला चालणार नाहीत." थोडी बाचाबाची झाली. शेवटी तिनेच तोड काढली : जगाची एक नक्कल करायची, चीट त्या नकलेत चालू करायचे. तशी सोय खेळातच होती.

"आजोबा, सांगा, काय बांधू?" नकलेत शिरल्यावर नातवाने विचारले.

"आपलं जुनं घर बांध."

एका आज्ञेने रात्र हटली. दुसऱ्या आज्ञेने भिंत उभी राहिली. एका दमात ३२,७६८ ठोकळे रचता येतात म्हणे! ओटी, माजघर, पडवी, कौलांचा उतार, मी सांगत गेलो आणि चहाच्या वेळेपर्यंत घर तयार झाले. विहीर तर दोन बाय दोनचा खड्डा आणि दोन बादल्या पाणी, एवढ्यावर झाली. "आता कितीही उपसा, हे आटत नाही," तो अभिमानाने म्हणाला. मी काही बोललो नाही. दहा मिनिटे तो घरातून हिंडला आणि म्हणाला, "झालं. आता काय?"

चार दिवसांनी पाहतो, तो दोघे भावंडे मूळ जगात परतलेली. हातात पुन्हा लाकडी टिकाव. नकलेतले घर नमुना म्हणून पाहायचे आणि इथे एकेक ठोकळा खणून आणून लावायचा, असे चालले होते. आणि आता प्रश्न येऊ लागले. ओटी एवढी उंच कशाला? बैल कुठे बांधत होता? विहिरीला काय झालं? नकलेतले घर बांधताना त्याने यातले काहीच विचारले नव्हते. विचारायला वेळच कुठे होता? आता एक भिंत उभी राहायला दोन दुपारी लागत, आणि त्या दुपारी मी सांगत बसे. हक्कसोडीच्या कागदाचेही सांगितले.

"म्हणजे तुम्ही तिला विचारलंच नाही?" नात म्हणाली.

"नाही विचारलं."

पुढच्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन बहिणीकडे गेलो. बारा वर्षे जे बोलायचे टाळले होते, ते बोललो. शब्द नीट जुळले नाहीत. ती पदराने चष्मा पुसत राहिली. "झालं ते झालं, दादा," एवढेच म्हणाली. त्याचा अर्थ क्षमा असा घ्यायचा की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

मग नातवाने टॅब्लेट तिच्यासमोर धरला. तिने ते अर्धवट घर बराच वेळ न्याहाळले आणि विहिरीच्या काठावर बोट ठेवले.

"इथे आईचा मोगरा होता. तो राहिला."

या खेळात मोगरा नाही. मुलांनी रानात हिंडून पांढरी फुले शोधून आणली आणि तिने दाखवलेल्या जागी एकेक करून लावली.