मजकुरात नसलेला कोल्हा

आमच्या निवासी शाळेतील बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. घरची बोली निराळी, पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी निराळी आणि त्यापलीकडे इंग्रजी. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तरी पाचवीत येणाऱ्या मुलाजवळ दिवाळीच्या सुट्टीवरचा एक पाठ केलेला इंग्रजी निबंध असतो. त्यात मामा मोटारीने महाबळेश्वरला नेतात. लिहिणारे मूल त्या सुट्टीत आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेले असते. निबंध बिनचूक उतरतो, गुणही मिळतात. पण त्या लेखनात मूल कोठेच नसते, हे आम्हांस सतत डाचत आले आहे.

चित्रांच्या आधाराने परकी भाषा शिकविणे जुनेच आहे. कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांतील सचित्र पाठ्यपुस्तक छापविले. चित्रातील वस्तूंना क्रमांक आणि मजकुरातील शब्दांना तेच क्रमांक, अशी त्याची रचना. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस त्याचे अपार कौतुक. मात्र अशा पुस्तकातून मुलाला शब्द मिळतात, स्वतःचे सांगण्याजोगे काही मिळत नाही.

ते मिळाले पॅट हचिन्स यांच्या १९६८ च्या ‘रोझीज वॉक’ या पुस्तकात. सारा मजकूर बत्तीस शब्दांचा, एकाच वाक्याचा. रोझी नावाची कोंबडी अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून फिरते आणि जेवणाच्या वेळेला परतते. चित्रांत मात्र तिच्या मागावर एक कोल्हा आहे. तो दाताळ्यावर पाय देतो, तळ्यात पडतो, पिठाने माखतो. शेवटी मधमाश्या त्याच्या पाठी लागतात. मजकुरात त्याचा उल्लेख एकदाही नाही!

आम्ही प्रथम केवळ चित्रे दाखवितो. मुले आपापल्या बोलीत गलका करतात, तो करू देतो. मग मुले मागतील तेवढेच इंग्रजी शब्द फळ्यावर येतात. प्रत्येक चित्राला एक वाक्य, तेही कोल्ह्याविषयी. कोंबडीचे लेखिकेने लिहूनच ठेवले असल्याने उतरवून घेण्याची सोय उरत नाही. आरंभी ‘फॉक्स पॉन्ड इन फॉल’ अशी वाक्ये येतात. आपले शब्दयोगी अव्यय नामानंतर व क्रियापद शेवटी, त्याचीच ही छाया. आम्ही एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करतो. लाल शाईने भरलेली वही परत मिळाली की मूल दुसऱ्या दिवशी तीनच शब्द लिहिते.

सहावीतील एका मुलीने कोल्ह्याच्या तोंडी वाक्ये घातली : ‘आय ॲम इन ऑल पिक्चर. माय नेम इज नॉट देअर.’ वर्ग हसला नाही. आम्ही त्या तासाला पुढे काही शिकविले नाही.

नंतर मुलांनी स्वतःची चित्रपुस्तके केली. त्याच मुलीने फळीवरून ट्रकमध्ये चढणारी आई काढली, डोक्यावर उसाची मोळी. ‘माय मदर गोज अप विथ’ एवढे लिहून ती शब्दासाठी आमच्याकडे आली. आम्ही ‘बंडल’ सुचविला. तिने तो लिहिला, पाहिला, खोडला आणि रोमन लिपीत ‘मोळी’ लिहिले. आम्ही तेथे लाल शाई लावली नाही.