दोन ट्रॉल्या कांदा

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं डावं झाकण काढलं की आतल्या पत्र्यावर नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अक्षर दिसतं. जाड मार्करनं लिहिलेलं, थोडं तिरकं: ‘जून २००५. दोन ट्रॉल्या.’

घरातली मोठी खरेदी नाना कांद्यात मोजायचे. विहिरीवरची मोटार, बहिणीच्या लग्नातलं सोनं, माझी कॉलेजची फी, सगळं. रुपया दरवर्षी वेगळा असतो, पण एक ट्रॉली भरायला रोप टाकण्यापासून कापणीपर्यंत लागणारे हात तेवढेच असतात, हा त्यांचा हिशोब. घराच्या दाराच्या मागच्या बाजूला अशा खरेद्यांची खडूनं लिहिलेली यादीच होती. कॉम्प्युटर लोखंडी डब्यात आला, म्हणून त्याची नोंद दारावर न होता डब्यातच झाली.

तो डबा अजून माझ्या टेबलाखाली आहे. आतलं काहीही २००५ चं उरलेलं नाही.

कॉम्प्युटर येण्याच्या एक वर्ष आधी, १७ मे २००४ च्या सोमवारी, मी सटाण्यात एका सबब्रोकरच्या ऑफिसात उभा होतो. बी.कॉम.चा निकाल लागायचा होता. लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतरचे ते दिवस. सेन्सेक्स दिवसभरात साडेपाचशेहून जास्त अंकांनी खाली आला आणि व्यवहार दोनदा थांबवावे लागले. ऑफिसात स्क्रीन एक आणि माणसं वीस. प्रत्येकाला आपला शेअर बघायचा होता. टर्मिनलवर बसलेला मुलगा एकाचा भाव दाखवेपर्यंत दुसऱ्याचा घसरलेला असायचा. तिथून निघताना मनाशी पक्कं झालं, आपला कॉम्प्युटर पाहिजे.

नानांना हे समजावायला मला वेळ लागेल असं वाटलं होतं. लागला नाही. आयुष्यभर ते बाजार समितीत कांदा घेऊन जात आले होते. फाटकातून आत शिरताना आधी किती गाड्या लागल्यात ते बघायचे. मग लासलगावला आणि पिंपळगावला लिलाव काय भावानं उघडला ते फोनवर विचारायचे. व्यापारी ट्रॉलीवर चढून ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कांदा वर काढायचा, तेव्हा त्याचा चेहरा बघायचे. आभाळ बघायचे. या चार गोष्टी डोक्यात ठेवूनच बोलीला होकार द्यायचा की ट्रॉली परत न्यायची ते ठरायचं. मुंबईच्या शेअर बाजारातही १९९५ पर्यंत रिंगणात ओरडून, हातवारे करून सौदे होत, मग ते स्क्रीनवर गेले, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपला लिलावाचा ओटाच तो. फक्त आता घरून बघायचा.”

नाशिकला एम. जी. रोडवरून मशीन घेतलं. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क, १७ इंची काचेचा मॉनिटर. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी एसटीत मांडीवर घेतला. भावडबारीच्या वळणांवर गाडी झुकली की त्याचं सगळं वजन एका गुडघ्यावर यायचं. सटाण्याला उतरलो तेव्हा पाय बधिर झाले होते.

एकाच स्क्रीनवर ओडिन या ट्रेडिंग सॉफ्टवेअरचं टर्मिनल आणि चार्ट दोन्ही मावत नसत. चार्ट बघायचा तर ऑर्डरची खिडकी मागे जायची. दुसरा मॉनिटर घ्यावा असं लगेच वाटू लागलं. पण आधी विजेनं धडा दिला. भारनियमनाची वर्षं होती ती. त्यात आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचं. २००७ मध्ये मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला, त्या दिवशी माझे दोन फ्युचर्सचे सौदे उघडे होते आणि वीज गेली. जुन्या यूपीएसनं चार मिनिटं तग धरला. ब्रोकरचा फोन लागत नव्हता. अंधारलेल्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता, आणि तिकडे भाव कुठे चाललाय याचा पत्ता नव्हता. वीज आली तेव्हा खात्यात जे उरलं होतं ते बघून मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

त्या वर्षीची पत्र्यावरची नोंद यूपीएस आणि इन्व्हर्टरची आहे. नानांनीच आग्रह धरला. विहिरीला पाणी असून मोटारीला वीज नसेल तर पिकाला काय सांगणार, असं म्हणाले. आजही कुणी माझ्याकडे ट्रेडिंगच्या कॉम्प्युटरबद्दल विचारायला आलं, तर मी आधी यूपीएस विचारतो, मग चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, मग इंटरनेटची दुसरी लाइन. प्रोसेसर त्यानंतर.

२०११ ला बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलली. डबा तोच ठेवता आला, कारण बोर्डावरच्या स्क्रूच्या भोकांची जागा एटीएक्स या मापानं १९९५ पासून ठरलेली आहे. तेव्हा तीन मॉनिटर लावायचे ठरवलं होतं. त्या काळच्या इंटेल प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर दोनच पडदे चालत, म्हणून चार सॉकेटचं रेडिऑन कार्ड आणलं. दोन मॉनिटर लागले, तिसरा काळाच. दोन दिवस मी केबल बदलल्या, ड्रायव्हर काढले-घातले, मॉनिटरची अदलाबदल केली. दुकानदार म्हणाला कार्ड खराब, बदलून देणार नाही. कार्ड खराब नव्हतं. डीव्हीआय किंवा एचडीएमआयनं जोडलेल्या प्रत्येक पडद्याला कार्डातून स्वतंत्र ताल-संकेत लागतो आणि त्या पिढीच्या कार्डांत असे संकेत दोनच होते. तिसरा पडदा डिस्प्लेपोर्टमधूनच घ्यावा लागे, आणि मॉनिटरला ते सॉकेट नसेल तर मध्ये साधा नव्हे, ‘अ‍ॅक्टिव्ह’ अ‍ॅडॉप्टर. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाला. लावला आणि तिसरा पडदा निळा होऊन उजळला. मायनं दारातूनच विचारलं, “भाऊ, इतला टीव्ही कसाले?” नानांनी परस्पर उत्तर दिलं, “फाटकावर एक माणूस, ओट्यावर एक, काट्यावर एक.”

हे उत्तर तेव्हा मला फक्त आवडलं होतं. त्यातलं म्हणणं लक्षात घेतलं असतं तर पुढचा खर्च वाचला असता.

कारण त्यानंतर मी वेगाच्या मागे लागलो. एसएसडी आली, रॅम वाढली. २०१६ ला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि सहा मॉनिटर, भिंतीवर लोखंडी स्टँड करून घेऊन. एसएसडीचा फायदा खरा होता, सकाळी मशीन पाऊण मिनिटात तयार व्हायचं. पण मोठ्या ग्राफिक कार्डाचा ट्रेडिंगला उपयोग जवळजवळ नाही. चार्टच्या रेघा काढायला साधं कार्ड पुरतं, सॉकेटं मात्र पुरेशी हवीत. आणि ऑर्डरचा वेग? ज्या संस्था आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच इमारतीत ठेवतात त्यांची ऑर्डर डोळ्याचं पातं लवण्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पोहोचते. सटाण्याच्या टेबलाखालचा कुठलाही प्रोसेसर ते अंतर मिटवत नाही. हे मला माहीत होतं. तरी प्रत्येक मोठ्या तोट्यानंतर मी डब्याचं झाकण उघडत होतो.

२३ मार्च २०२०, सोमवार. सकाळी ९ वाजून ५८ मिनिटांनी बाजार दहा टक्के पडला आणि व्यवहार पाऊण तासासाठी थांबले. सहाही पडद्यांवरचे आकडे जागच्या जागी गोठले. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज. गावातही सगळं बंद होऊ लागलं होतं, म्हणून नाना शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकेका पडद्याकडे बोट करत विचारलं, “इथं काय दिसतं?” निफ्टी, पाच मिनिटांचा चार्ट. “आणि इथं?” निफ्टी, पंधरा मिनिटांचा. “इथं?” बँक निफ्टी. “इथं?” निफ्टीचे ऑप्शन. “इथं?” निफ्टी, दिवसाचा. सहाव्याकडे त्यांनी बोट केलंच नाही.

“सगळी माणसं ओट्यावरच उभी केलीस,” ते म्हणाले. “काट्यावर कोण आहे?”

काट्यावर कोणीच नव्हतं. माझं या महिन्यात किती गेलं, या सौद्यात किती जाऊ शकतं, हे सहापैकी एकाही पडद्यावर नव्हतं. ते एका वहीत होतं, आणि ती वही मी जानेवारीपासून उघडली नव्हती. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडून बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी तीन मॉनिटर उतरवले. उरलेल्या तिन्हींपैकी एकावर बाजाराच्या पूर्ण वेळात फक्त हिशोब असतो: उघडे सौदे, स्टॉपलॉस, महिन्याची बेरीज, वर्षाची बेरीज. हा पडदा बघायला मला सगळ्यात जास्त जड जातो. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी प्रत्येकी सुमारे दोन लाख. माझी त्या तीन वर्षांची बेरीज मला तो आकडा वाचण्याआधीच माहीत होती. मी त्या ९३ मध्ये होतो. त्यानंतर ऑप्शनचे सौदे जवळपास बंद केले आणि शेअर घेऊन ठेवण्याकडे वळलो. त्याला खरं तर दोन पडदेही पुरतात.

नाना २०२२ ला गेले.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत, म्हणून बोर्ड पुन्हा बदलणं आलं. रविवारी झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा झाला होता. तो ब्रशनं सोडवताना त्यात कांद्याचा एक पापुद्रा निघाला, पातळ, तांबूस, अख्खा. कांद्याची चाळ घराला लागूनच आहे. वाऱ्यानं आत आला असणार. जुन्या हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत होता, तो हॅक्सॉनं कापला. नवा बोर्ड ठेवला. वीस वर्षांपूर्वीच्या भोकांवर नव्या बोर्डाची भोकं बरोबर बसली आणि स्क्रू हातानंच निम्मे आत गेले. या वेळी ग्राफिक कार्ड घेतलं नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तीन पडदे आरामात चालतात.

मग मार्कर घेतला आणि शेती बघणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला. आज काय भाव निघाला ते विचारलं, खर्चाला त्या भावानं भागलं आणि लिहिलं: ‘ऑक्टोबर २०२५. दीड ट्रॉली.’

त्याला वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“मे महिन्याच्या पावसात भिजलेला माल आहे भाऊ,” तो म्हणाला. “चाळीत सडला तो धरला नाहीस तू.”

मी ‘दीड’ खोडलं. ‘पावणेदोन’ लिहिलं.