चाकाची डावी बाजू

पक्षाघाताच्या झटक्यातून सावरणारा माणूस घरी आला की त्याच्यामागोमाग एक रबरी चेंडूही येतो. दुबळ्या हातात धरून दिवसातून इतक्या वेळा दाबा, असे सांगितलेले असते. आपल्यापैकी ज्यांनी अशा रुग्णाची शुश्रूषा केली आहे, त्यांना त्या चेंडूचे पुढे काय होते तेही ठाऊक असेल. महिना-दीड महिन्यात तो पलंगाखाली जातो आणि केरसुणीबरोबर अधूनमधून बाहेर येतो. यात रुग्णाच्या आळसाला बोल लावण्याचे कारण नाही. चेंडू दाबल्याने घरात काहीच बदलत नाही, आणि न दाबल्याने कुणाचे काही अडत नाही. हाताला व्यायामाइतकीच कामाचीही गरज असते. काम म्हणजे जे अर्धे राहिले तर दिसते आणि खटकते ते.

आमच्याकडे असे काम गाडीच्या चाकांच्या रूपाने आले. यजमानांचे वय ७२. झटका मेंदूच्या उजव्या बाजूस आला, त्यामुळे अशक्तपणा डाव्या हातापायात. पाच महिन्यांनी ते काठी घेऊन अंगणात फिरू लागले. डावी मूठ मिटत असे, पण उघडायला वेळ लागे. अंगणातली मारुती ८०० तोवर जागची हलली नव्हती आणि तिच्या चाकांत हवा टिकत नव्हती. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने टायर उचकटून दाखविले : टायर जिथे लोखंडी रिमला बिलगतो, नेमकी तीच कड गंजून खडबडीत झाली होती आणि हवा तेथून हळूहळू निसटत होती. दोन दिवसांत घासून रंगवून देतो, असे तो म्हणाला. यजमान पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, ‘‘घासायचं काम मी करीन.’’

व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंना मी विचारले, तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या विभागात एक उतरती फळी असते. तिच्यावर मुठीचा लाकडी ठोकळा दोन्ही हातांनी वरखाली सरकवायचा असतो. खांदा, कोपर आणि मनगट यांना एकाच वेळी चालना देणारा तो जुना आणि विश्वासाचा उपचार आहे. म्हणजे सुताराचे घासकाम शाळेत आणून बसविले, तसे ते दवाखान्यात आणलेले आहे. आम्ही त्याला परत अंगणात नेणार होतो, एवढेच.

दुबळ्या हाताकडून खरीखुरी कामे करून घेण्यामागे संशोधनही आहे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात अडकवून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून सराव करून घेतला. त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र ही पद्धत मनगट आणि बोटे थोडीतरी हलविता येणाऱ्यांसाठीच आहे, आणि तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरच्या घरी कुणाचा हात बांधून ठेवू नये. आम्ही तो बांधला नाही; डावा हात खाली आणि उजवा त्याच्यावर, असे दोन्ही हात वॉटर पेपर गुंडाळलेल्या ठोकळ्यावर ठेवले.

आता मांडणीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण सुरक्षितपणा सगळा मांडणीतच असतो. जॅक लावणे, नट काढणे, टायर रिमपासून सोडविणे यांपैकी काहीही रुग्णाने करावयाचे नाही आणि शुश्रूषा करणाऱ्या साठीपुढच्या पत्नीनेही नाही. ते पंक्चरवाल्याचे काम. एका वेळी एकच चाक काढावे आणि त्याच्या जागी स्टेपनी लावून घ्यावी, म्हणजे गाडी कधीही जॅकवर अधांतरी राहत नाही. टायर काढलेली छोट्या गाडीची रिम हलकी असते. ती जाड गोणपाटावर, टेबलाच्या उंचीवर ठेवावी. रुग्णाने हात असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसावे. जमिनीवर बसवू नये. उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते. दुबळ्या बाजूचा खांदा सांध्यातून सैल झालेला असू शकतो. त्या हाताला धरून कधीही ओढू नये, कोपराखाली आधार असू द्यावा.

घासणे कोरडे नको, पाणी शिंपडून हवे. गाड्यांच्या जुन्या रंगात शिसे असू शकते. रंगातले शिसे दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित करणारा आपल्याकडचा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची काळी धूळ बसलेली असते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत. ती धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके टाकून द्यावे. ही पुसापुशी मी आधीच करून ठेवी. नातवंडे त्या वेळी आत, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज चहा नाही. आणखी एक : अशा बहुतेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात, त्यामुळे गंजक्या कडेचा लहानसा ओरखडाही बराच वेळ वाहतो, आणि दुबळ्या हाताची संवेदना कमी असेल तर तो ओरखडा त्यांना कळतही नाही. सैल सुती मोजे घालावेत, काम झाल्यावर दोन्ही तळहात उजेडात पाहावेत, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

वेळ पंधरा मिनिटे, सकाळची. झटक्यानंतरचा थकवा साध्या थकव्यासारखा नसतो. तो दिवा मालवावा तसा एकाएकी येतो.

येथवरचे सारे कोणीही दक्ष माणूस करील. पुढे जे सांगावयाचे आहे, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचे डाव्या बाजूचे भान हरपते. डोळे शाबूत असतात, पण मन त्या बाजूची दखल घेत नाही. आपल्याकडे ताट वाढण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे हे पटकन ध्यानात येते. हे उजवीकडची भाजी-आमटी संपवीत आणि विचारीत, ‘‘आज चटणी, कोशिंबीर काहीच नाही?’’ ताटाची डावी बाजू जशीच्या तशी असे. दाढी उजव्या गालाची होई. घड्याळ काढून दाखवा म्हटले तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसत. आणि यातली कठीण गोष्ट अशी की स्वतः रुग्णाला काही उणे आहे असे वाटतच नाही. आपल्याला सगळे दिसते, असे तो मनापासून सांगतो आणि ते खोटे नसते.

म्हणूनच गाडीच्या किल्लीवरून आमच्या घरी रोज बोलाचाली होत असे. डॉक्टरांनी गाडी चालविण्यास मनाई केली होती. यजमानांचे म्हणणे, पाय चालतो, उजवा हात ठणठणीत आहे, चष्म्याचा नंबर तोच आहे, मग अडचण कोठे आहे? डावीकडून येणारा सायकलवाला, रस्त्याच्या कडेने चाललेले मूल यांविषयी मी बोलू लागले की ते म्हणत, ‘‘अगं, मला दिसतं सगळं.’’ ४१ वर्षे गाडी चालविलेल्या माणसाशी या विषयावर युक्तिवाद करून पाहा, म्हणजे माझी स्थिती कळेल.

पहिली रिम घासावयास घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात उजवी बाजू पोलादासारखी करडी झाली आणि डावी तांबडीच राहिली. मध्ये जणू रेघ आखलेली. माझा हात शिवशिवत होता. रिम गोल असते, पाव वळसा दिला की राहिलेला भाग समोर येतो. असे चार वळसे दिले की चाक पूर्ण आणि भांडण नाही. बाईंनी मला तसे करू दिले नाही. वळसे तुम्ही दिलेत तर चाक चांगले होईल, माणूस आहे तेथेच राहील, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावावयास सांगितली. प्रत्येक वेळी घासण्यापूर्वी मान वळवून ती पट्टी शोधावयाची, तिला बोट लावावयाचे आणि तेथून सुरुवात करावयाची. ‘राहिलं, राहिलं’ असे सारखे टोकावयाचे नाही. ‘पट्टी सापडली का?’ एवढेच विचारावयाचे.

एके दिवशी धुऊन वाळवण्यासाठी मी रिम भिंतीशी उभी करून ठेवली, तेव्हा तांबडा अर्धा भाग उजवीकडे आला होता. दुपारी हे बाहेर आले, थबकले.

‘‘हे अर्धवट कुणी सोडलं?’’

‘‘अहो, तुमच्याच हातचं आहे ते.’’

‘‘छे. मी पुरं केलं होतं.’’

मी काही बोलले नाही. ते काठी टेकून बराच वेळ तिच्यासमोर उभे होते. मग रिमला हात घालून त्यांनी तिला थोडे फिरविले, पुन्हा परत फिरविले. तांबडा भाग डावीकडे गेला की त्यांच्या लेखी नाहीसा होई आणि उजवीकडे आला की परत येई. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, ‘‘रस्त्यावरही असंच होत असेल?’’ मी म्हणाले, ‘‘डॉक्टर तसंच म्हणतात.’’

त्या दिवसापासून किल्लीचा विषय मिटला, असे मी लिहिले तर ते खरे होणार नाही. ही जाणीव येते आणि ओसरतेही. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा किल्ली मागितली. पण मागण्याचा सूर बदलला होता. नंतर नंतर ते ‘पुढच्या तपासणीला बाईंना विचारू’ असे म्हणू लागले. आपल्या घरी हाच वाद चालू असेल तर वयाचे किंवा अपघातांच्या बातम्यांचे दाखले देऊन उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांचे स्वतःचे काम त्यांना वेगळ्या बाजूने पाहता आले, तर ते कदाचित मानतील. तोवर किल्ली कुलपात असावी. याबाबतीत मी भिडस्त नाही.

रंग देण्याचा भाग तुलनेने सोपा. रेड ऑक्साइडचा हात, तो पुरा वाळल्यावर हलक्या हाताने घासणे, मग एनॅमलचे दोन पातळ हात, सगळे ब्रशने. स्प्रेचा डबा आम्ही वापरला नाही, कारण त्याचा बारीक तुषार थेट छातीत जातो. दोन डबे मिसळून करावयाचे गॅरेजमधले रंग तर घरी आणूच नयेत. त्यांतल्या हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडू शकतो. साधा मास्क धूळ अडवितो, थिनरची वाफ अडवीत नाही, हे पक्के लक्षात असावे. त्यामुळे रंगकाम अंगणातच करावे, रुग्णाने वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावे, आणि दमेकऱ्याने त्या दिवशी लांबच राहावे. रंगाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात; ओली करून टाकावीत. समईजवळ थिनरची बाटली नको, हे सांगणे लागू नये, पण सांगते. दमट दिवसांत रंग नीट वाळत नाही, म्हणून आम्ही दिवाळीनंतर आरंभ केला.

दोन जागा रंगापासून दूर ठेवाव्यात : नट बसतात त्या भोकांच्या उतरत्या कडा आणि रिम ज्या पृष्ठभागावर गाडीला टेकते तो भाग. तेथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल होतात. या जागा मी चिकटपट्टीने झाकल्या. चाक बसविताना पंक्चरवाल्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, चाकांचे बॅलन्सिंग करून घेण्यास सांगितले आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासावयास गाडी आणण्यास बजावले. रिमला तडा किंवा बाक असेल तर रंग हा त्यावर उपाय नव्हे. ती बदलावीच लागते. आमची एक तशी निघाली आणि भंगारात गेली.

चौथे चाक होळीच्या सुमारास पुरे झाले. डाव्या हाताची मूठ आता पूर्वीपेक्षा लवकर उघडते. बाटलीचे झाकण अजून फिरत नाही. घासकामाने हे झाले की नुसत्या दिवस जाण्याने, ते सांगता येणार नाही, पण चेंडू पलंगाखालीच आहे. शेवटच्या रिमवर डावीकडे बोटभर खडबडीत पट्टा राहून गेला आहे. तो मी दाखविला नाही. त्यांनाच दिसला आणि रंगाचा डबा संपला असल्याने तसाच ठेवला.

गाडी आता पुतण्या चालवितो. हे त्याच्या शेजारी, डाव्या आसनावर बसतात आणि मी मागे बसून डावीकडच्या दुकानांच्या पाट्या त्यांना वाचावयास लावते. किराणा, औषधे, सायकल मार्ट. तीन पाट्यांपैकी एक अजून सुटते. स्टेपनीची रिम तेवढी गंजकी राहिली आहे. तिला रुपेरी रंग द्यावा असे त्यांचे म्हणणे आहे. जी डिकीतच राहणार तिला काळा पुरे, असे माझे. पावसाळा संपेपर्यंत यावर निर्णय होण्याची चिन्हे नाहीत.