वाचकाचाही संप

बातमीवर बहिष्कार टाकायचा, ही कल्पनाच मला अनेक वर्षं खटकायची. पत्रकारांनी पगारासाठी, हक्कांसाठी जरूर संप करावा. पण वाचकांना ‘आमची वेबसाइट उघडू नका’ असं सांगणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणं, असं मी ठामपणे म्हणत असे. आधीच वृत्तपत्रांचा वाचक कमी होत चाललाय. त्याला चार दिवस दूर राहायची सवय लावली, तर पाचव्या दिवशी तो परतेल कशावरून? शिवाय बातमी म्हणजे काही साबण किंवा शीतपेय नव्हे. ती नागरिकाची गरज आहे, ती कुणीच अडवू नये, असं माझं मत होतं.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

मी न्यू जर्सीत राहते आणि न्यूयॉर्क टाइम्सची वर्गणीदार आहे. ८ डिसेंबर २०२२ रोजी तिथल्या १,१००हून अधिक कर्मचाऱ्यांनी चोवीस तास काम बंद ठेवलं. त्यांचा करार मार्च २०२१मध्येच संपला होता, आणि नव्या कराराची बोलणी पुढे सरकत नव्हती. त्यांनी वाचकांना विनंती केली की आजचा दिवस आमच्याकडे फिरकू नका. बातम्या नकोत, शब्दांचे खेळ नकोत, पाककृतीही नकोत. कारखान्याच्या फाटकाशी उभी असलेली संपकऱ्यांची रांग ओलांडून कुणी आत जात नाही, तशी ही पडद्यावरची रांगही ओलांडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला विचार करायला लावलं ते तारखेने. बरोबर साठ वर्षांपूर्वी, ८ डिसेंबर १९६२ला, न्यूयॉर्कच्या छापखान्यांतल्या जुळाऱ्यांनी संप पुकारला होता. पगार आणि येऊ घातलेली यंत्रं ही त्याची कारणं. टाइम्ससह शहरातली प्रमुख दैनिकं निघेनाशी झाली, आणि संप ११४ दिवस चालला. सकाळी दाराशी अंक पडला नाही की संप झालाय हे घराघरात कळत होतं, वेगळं सांगावं लागत नव्हतं. त्याच काळात, फेब्रुवारी १९६३मध्ये, न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स हे नियतकालिक जन्माला आलं. वाचणारे कुठे नाहीसे झाले नव्हते.

२०२२च्या संपात मात्र वेबसाइट चालूच राहिली. आधी लिहून ठेवलेले लेख होते, वृत्तसंस्थांचा मजकूर होता, संपात नसलेले संपादक होते. अर्धं कार्यालय रिकामं असलं तरी वाचकाला पान भरलेलंच दिसणार. जुळाऱ्याने हात थांबवला की यंत्र थांबत असे. आजच्या बातमीदाराच्या हातात ती ताकद उरलेली नाही. कोण काय वाचतंय आणि किती वेळ वाचतंय, हे मात्र वृत्तपत्रांना मिनिटामिनिटाला कळत असतं. म्हणजे हा संप मालकाला जाणवून द्यायचा असेल, तर ते फक्त वाचकच करू शकतो. हे ध्यानात आलं आणि माझा विरोध मावळला.

मी त्या दिवशी टाइम्स उघडला नाही. रशियाच्या कैदेतून अमेरिकी बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर सुटल्याची बातमी मी रेडिओवर ऐकली. गुजरात आणि हिमाचलच्या निवडणुकांचे निकालही त्याच दिवशी लागले. ते मराठी वृत्तपत्रांतून वाचले. माझी गरज कुठे अडली नाही. टाइम्समध्ये मे २०२३मध्ये करार ठरला आणि त्यात किमान वार्षिक पगार ६५,००० डॉलर झाला. हे एका दिवसाच्या बहिष्काराने घडलं असा माझा दावा नाही. पण मागणाऱ्यांची बाजू किती जड आहे, हे दाखवण्यात वाचकांचाही हात होता, असं मला वाटतं.

नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच वृत्तपत्रातले सुमारे ६०० तंत्रज्ञ संपावर गेले, तेही अध्यक्षीय निवडणुकीच्या आदल्या दिवशी. त्यांनी बातम्या वाचू नका असं म्हटलं नाही. फक्त खेळ आणि पाककृतींचं ॲप टाळा, एवढंच मागितलं. वर स्वतःच पर्यायी खेळ बनवून दिले. वर्डल हा टाइम्सचा शब्दखेळ रोज खेळणाऱ्याला सलग सोडवलेल्या कोड्यांचा आकडा दिसतो, आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. तो आकडा मी जाऊ दिला. नागरिकाची बातमी अडवू नये, हा माझा जुना आग्रह त्या संपकऱ्यांनी माझ्यापेक्षा नीट सांभाळला होता.

तरीही माझी जुनी भीती मी पुरती सोडलेली नाही. पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट या वृत्तपत्रातला संप ऑक्टोबर २०२२पासून तीन वर्षांहून अधिक चालला. संपकऱ्यांनी पिट्सबर्ग युनियन प्रोग्रेस नावाचं स्वतःचं संपपत्र चालवलं. नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि जानेवारी २०२६मध्ये मालकांनी वृत्तपत्रच बंद करत असल्याचं जाहीर केलं. फांदी तुटू शकते. पण त्या फांदीवर बसलेले संपकरी आहेत. धोका पत्करायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्या वतीने घाबरून मी रांग ओलांडणं योग्य नाही.

म्हणून आता माझा रिवाज ठरला आहे. हाक संपकऱ्यांनी स्वतः दिली आहे का, हे आधी बघायचं. त्यांनी जेवढं आणि जितके दिवस मागितलं, तेवढंच टाळायचं. त्यांनी सांगितल्याशिवाय वर्गणी बंद करायची नाही. आणि आपण का आलो नाही, हे व्यवस्थापनाला पत्राने कळवायचं, कारण नुसती गैरहजेरी सुट्टीचीही असू शकते.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. भारतात १९५५पासून श्रमिक पत्रकारांसाठी कायदा होता. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये उचलून धरल्या, तरी त्या अंमलात याव्यात म्हणून पत्रकारांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. कंत्राटावर काम करणाऱ्या तालुक्याच्या बातमीदाराला तर संपाचा विचारही परवडत नाही. उद्या मराठी पत्रकारांनी एकत्र येऊन अशी हाक दिली, तर मी तर्क लढवत बसणार नाही. मी त्यांच्या बाजूने असेन, आणि मराठी वाचकांनीही असावं, असं मला मनापासून वाटतं.