पाटणादेवीच्या दरीत दोन दिवस

खानदेशाचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे केळीच्या बागा, कापसाची शेते आणि वैशाखातील ऊन एवढेच उभे राहते. आम्ही खानदेशवासीही पाहुण्यांस याहून निराळे काही दाखवीत नाही. परंतु जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर सातमाळ्याच्या डोंगररांगेत, चाळीसगावापासून सुमारे सहा कोसांवर, पाटणादेवीची दरी आहे. गेल्या चैत्रात, पाडवा होऊन आठवडाही लोटला नव्हता तोच, त्या दरीत दोन दिवस पायी हिंडण्याचा योग आला. तो वृत्तांत येथे देत आहे. त्यात स्थलवर्णनाबरोबर माझ्या एका जुन्या चुकीची कबुलीही आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

या बेताची मूळ धनीण माझी नात. ती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकते आणि सुट्टीत घरी आली की अंगणातल्या तुळशीचीही उलटतपासणी करते. "आजोबा, रान वसंतातच पाहावे. पावसाळ्यात सगळेच हिरवे दिसते, कोण कोण ते ओळखू येत नाही," असे तिने सांगितले, आणि मी होकार दिला. घरातून विरोध झालाच. "गुडघ्यांना तेल लावल्यावाचून जिना चढवत नाही, आणि म्हणे डोंगर चढणार!" हे शब्द कोणाचे ते गृहस्थाश्रमी वाचकांस सांगावयास नको. तरी त्याच मुखाने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे बांधून दिले. अंथरूण-पांघरूण व शिधा नातीच्या पाठीवर, पाण्याच्या दोन बाटल्या आणि काठी माझ्याकडे, अशी वाटणी करून आम्ही सकाळच्या गाडीने चाळीसगाव गाठले व तेथून भाड्याच्या गाडीने दरीच्या मुखाशी उतरलो.

ही सारी भूमी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या रानास १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. नावातील 'औट्रम' म्हणजे १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम. कन्नडच्या घाटास त्याचेच नाव पडले आहे. दरीतून डोंगरी नावाची नदी वाहते. चैत्रात तिचे पात्र म्हणजे काळ्या धोंड्यांची रांग, आणि मधूनमधून एखादा डोह. या कोरड्या पात्राकडे पाहून, हीच डोंगरी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर नदीसह चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरली होती, यावर विश्वास बसत नाही. दोन्ही बाजूंस काळ्या पाषाणाचे उभे कडे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारस थरावर थर पसरत गेला, त्याच्या आडव्या रेघा कड्यांवर स्पष्ट दिसतात.

प्रथम देवीचे दर्शन घेतले. चंडिकेचे हे देऊळ यादवकालीन, काळ्या दगडाचे, भव्य आहे. माझे चित्त मात्र येथील शिलालेखाकडे लागले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे मांडला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा. 'सिद्धान्तशिरोमणी' व 'लीलावती' यांचे कर्ते भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी. या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून येथे मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्यास दाने दिली, असा लेखाचा आशय आहे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, मठास कोणी काय द्यावयाचे हे सांगण्याची वेळ येताच लेखक जुन्या मराठीत उतरतो. बाजारात येणाऱ्या मालावरचा भाग, आणि गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल, अशी ती नेमणूक आहे. नातीस हे समजावून देताना मीच क्षणभर थांबलो. ग्रहगणिताची पोथी रात्री ज्या दिव्याशी वाचली जाई, त्यात तेल्याचे तेल जळत होते. आम्ही शिकविताना भास्कराचार्यांचे नाव घेतो, चांगदेवांचेही क्वचित घेतो. त्या पळीभर तेलाचे नाव मी चौतीस वर्षांत एकदाही घेतले नाही.

उन्हे कलल्यावर नदीच्या पात्रातून वर गेलो. वसंतातील फुले म्हणजे जमिनीवर पसरलेला गालिचा, अशी कल्पना करून कोणी येथे आला तर निराश होईल. येथे पायाखाली वाळलेले गवत आणि फुफाटा असतो. फुले असतात ती डोक्यावर, निष्पर्ण वृक्षांच्या फांद्यांवर. पळसाचा बहर उतरणीस लागला होता, तरी कड्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर त्याचा केशरी रंग पेटल्यासारखा दिसे. पांगाऱ्यावर तांबडे तुरे होते. काटेसावरीची फुले गळून तिला बोंडे धरली होती. पाणी वाचविण्यासाठी झाड पाने टाकते, आणि पानांचा आडपडदा गेल्यामुळे मधासाठी येणाऱ्या पाखरांस फूल दुरून दिसते, असे नातीने सांगितले. मीही माझे पांडित्य पुढे केले. पळस म्हणजे किंशुक, कारण 'हा पोपट तर नव्हे?' असा त्याची वाकडी पाकळी पाहून भ्रम पडतो. पांगारा तो पारिभद्र, सावर ती शाल्मली. रूप आहे पण विद्या नाही अशा मनुष्यास गंधहीन किंशुकाची उपमा देतात, हेही सांगितले. तिने ते कौतुकाने ऐकले. माझी छाती थोडी फुगली, हे कबूल करतो.

रात्री पायथ्याशीच मुक्काम केला. पहाटे आमचा वाटाड्या आला. हा जवळच्याच वस्तीवरला, माझ्याच वयाचा, पण काटक गृहस्थ. त्याच्यामागून निघालो तो मोहाचा गोड, काहीसा उग्र वास आला. मोहाची फुले रात्रीतून गळतात. झाडाखाली फिकट पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडला होता. एक फूल उचलून त्याने आम्हास हुंगावयास दिले व पुन्हा जागच्या जागी ठेवले. "अस्वलाचा वाटा शे," असे म्हणून तो हसला.

दरी अरुंद होत गेली तशी सावली वाढली. एका वळणावर पाच-सहा हात उंचीची झाडे दिसली. कोवळी पोपटी पाने, आणि फांद्यांच्या शेंड्यांवर नुकतेच उमलू लागलेले शुभ्र फुलांचे झुबके. सुवास मंद, जाईची आठवण करून देणारा. मी विचारले, "हे कोणते झाड?"

"हाऊ कुडा शे, गुरुजी," वाटाड्या म्हणाला. "पोट बिघडनं का याची साल उगाळीसन देतस. तुमले माहीत नही का?"

नात चटकन म्हणाली, "आजोबा, हाच तुमचा कुटज! आपल्या घरात कुटजारिष्टाची बाटली असते ना, ते याच्याच सालीचे."

मी तेथेच एका धोंड्यावर बसलो. दोघांस वाटले, मी दमलो.

त्याचे कारण आता सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी संस्कृताच्या तासाला मी 'मेघदूता'तील कथा सांगत होतो. विरही यक्ष आषाढातील मेघाचे स्वागत ताज्या कुटजपुष्पांनी करतो. कोशात पाहून मी सांगितले की कुटज हा एक वृक्ष असून त्यास पांढरी फुले येतात व त्याची साल अतिसारावर देतात. मागच्या बाकावरचा, डोंगरालगतच्या एका वाडीवरून येणारा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, म्हणजे कुडा. आमच्या घरामागे हायेत." वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, "कुडा नव्हे, कुटज. परीक्षेत कुडा लिहू नकोस." तो खाली बसला. पुढे वर्षभर त्याने संस्कृताच्या तासाला तोंड उघडले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने तो विषयच सोडला.

आता याहून लाजेची गोष्ट ऐका. संस्कृतातील 'ट' प्राकृतातून येताना 'ड' होतो, हा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. वट तो वड, घट तो घडा, कटु ते कडू. कुटज तो कुडा, हे उदाहरण त्या मुलाने माझ्या हाती आयते ठेवले होते. नियम मला ठाऊक होता, झाड त्याला ठाऊक होते. दोहोंची गाठ त्याने घालून दिली, ती मी सोडविली. गंधहीन किंशुकाची उपमा आदल्या संध्याकाळी मी ज्या थाटात सांगितली तो थाट मला आठवला. डोळ्यांनी न पाहता विद्या सांगणाऱ्यास कोणत्या फुलाची उपमा द्यावी, हे मात्र मला सुचेना.

पुढे चढण लागली. काठी आणि नातीचा हात यांच्या आधाराने, दर शंभर पावलांवर थांबत, आम्ही पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचलो. ही बौद्ध लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या हद्दीत असून त्यांपैकी सर्वांत जुनी दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत. दगड ठिसूळ, म्हणून दर्शनी भाग पुष्कळ ढासळले आहेत. तरी विहाराच्या जोत्यावरील हत्तींची रांग पाहून शीण उतरतो. येथे सापडलेली एक हसरी यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर घडविणाऱ्याचे नाव कोरले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. कोणा पंडिताने नव्हे, कारागिराने आपले नाव राखले, आणि ते अजून वाचता येते, याचे मला त्या दिवशी विशेष वाटले.

सायंकाळी खाली उतरलो. निरोप घेताना मी वाटाड्यास नमस्कार केला तेव्हा तो संकोचला. "गुरुजी, तुम्ही नका," असे म्हणू लागला. मी म्हणालो, "आज शिकलो मी, म्हणून."

दरीतून फूल वा पान काही आणले नाही. अभयारण्यातून ते आणूही नये. घरी आल्यावर 'मेघदूता'ची जुनी प्रत काढली आणि कुटजाच्या श्लोकाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिले: 'कुडा. पाटणादेवीच्या दरीत पाहिला, चैत्र शुद्ध.' त्याखाली त्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले. ते नाव येथे देत नाही. परंतु हे मासिक त्याच्या घरी जात असेल, आणि ही ओळ त्याच्या वाचनात आली, तर त्याने एवढे समजावे की त्याचे उत्तर बरोबर होते, आणि त्याच्या गुरुजींनी ते फार उशिरा तपासले.